हवेच्या वर नेलेली दुर्बीण

मागच्या भाषणात ग्रहणाचा विषय निघाला होता. त्यानंतर बरेच निरोप आले. त्यातल्या एकीने दोन प्रश्न एकदमच विचारले. म्हणाली, "ताई, दुर्बीण म्हणे उपग्रहात बसवून आभाळात सोडतात. ती जमिनीवर ठेवली तर काय बिघडतं? आणि आपल्या जाफराबाद तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथे हा असला खर्च कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दुसऱ्याला मी बगल देणार नाही. पण आधी पहिला.

दुर्बीण जमिनीवर चालते, डोंगरावर तर चांगलीच चालते. अडचण आहे ती हवेची. चूल पेटलेली असताना तिच्यावरून पलीकडची भिंत बघा. भिंत हलल्यासारखी दिसते. भिंत जागेवरच असते, मधली तापलेली हवा हलत असते. तारे लुकलुकतात तेही असंच. तारा लुकलुकत नाही, त्याचा उजेड आपल्या हवेतून येताना थरथरतो. आपल्याला ते छान वाटतं, पण ताऱ्याचा फोटो काढणाऱ्याची त्याने पंचाईत होते.

दुसरी अडचण याहून मोठी. आभाळातून येणारा सगळा प्रकाश हवा आत सोडतच नाही. आपल्या डोळ्यांना दिसतो तो उजेड येतो, रेडिओच्या लहरी येतात. आत्ता तुम्ही मला ऐकताय त्या लहरीच बघा, भिंतीतून घरात आल्यात. म्हणूनच नारायणगावजवळ खोडदला आपली जी मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तीस अँटेनांची, ती जमिनीवर आहे. तिला वर जायची गरजच नाही. पण अतिनील किरण बरेचसे वर अडतात आणि क्ष-किरण तर पूर्णच. क्ष-किरण म्हणजे दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात ते एक्स-रे. हवा ते अडवते म्हणून तर आपण, आपली लेकरं, आपली गुरं जिवंत आहोत. हवा म्हणजे आपलं पांघरूण. मात्र पांघरुणात तोंड घालून बसलं की बाहेरचं दिसत नाही. बाहेरचं बघायचं तर डोळा पांघरुणाच्या वर न्यावा लागतो. अवकाश दुर्बीण म्हणजे एवढंच.

हा विचार नीट मांडला तो अमेरिकेतल्या लायमन स्पिट्झर या शास्त्रज्ञाने, १९४६ साली. तेव्हा एकही उपग्रह उडालेला नव्हता. पहिला उपग्रह, रशियाचा स्पुटनिक, १९५७ साली वर गेला. लखनौमध्ये एका घरी आजीने पहाटे सगळ्यांना उठवून अंगणात नेलं आणि तो सरकता ठिपका दाखवला. त्या मुलांमध्ये हाशिमा हसन नावाची एक लहान मुलगी होती. तिचं नाव लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

दोन वर्षांनी, १९५९ मध्ये, नासा या अमेरिकी संस्थेत नॅन्सी ग्रेस रोमन ही खगोलशास्त्रज्ञ रुजू झाली. शाळेत असताना तिने लॅटिनऐवजी आणखी एक वर्ष बीजगणित मागितलं, तेव्हा शाळेतल्या सल्लागार बाईंनी नाक मुरडलं होतं. गणित मागणारी ही कसली बाई, असा त्यांचा सूर. आपल्याकडे काय वेगळं चालतं? दहावीला गणितात चांगले गुण असतात, पण सायन्सचं कॉलेज लांब, बस वेळेवर नाही, म्हणून पोरीला जवळच्या कॉलेजात कला शाखेत बसवतात. रोमनबाईंनी गणित सोडलं नाही. नासामध्ये खगोलशास्त्राची सगळी जबाबदारी तिच्याकडे आली. अवकाशात मोठी दुर्बीण हवी, हे शास्त्रज्ञांना पटवणं आणि सरकारकडून पैसे मिळवणं, हे काम तिने वर्षानुवर्षं चिकाटीने केलं. हबल दुर्बिणीची आई असं तिला म्हणतात ते म्हणूनच. पुढे नासाने एका नव्या मोठ्या दुर्बिणीला तिचं नाव दिलं.

हबलच्या आधी लहान लहान दुर्बिणी झाल्या. १९६६ साली नासाने पाठवलेली पहिली तर तीनच दिवसांत विजेच्या बिघाडाने बंद पडली. १९६८ मध्ये दुसरी गेली, ती मात्र चालली आणि तिने ताऱ्यांचा अतिनील उजेड मोजून दाखवला.

क्ष-किरणांची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. १९६२ च्या जून महिन्यात रिकार्डो जियाकोनी आणि त्याच्या सोबत्यांनी एका रॉकेटवर मोजयंत्र ठेवून ते हवेच्या वर पाठवलं. पाच-सहा मिनिटंच ते वर राहिलं. त्यांना बघायचा होता चंद्र. सापडलं भलतंच. वृश्चिक राशीतून, म्हणजे आपल्या अनुराधा-ज्येष्ठा-मूळ या नक्षत्रांच्या विंचवाच्या दिशेने, क्ष-किरणांचा झोत येत होता. सूर्याबाहेरचा, आभाळातला हा पहिला क्ष-किरण तारा. याच विंचवाच्या शेपटीत मूळ नक्षत्र आहे. पोरगी मुळावर जन्मली म्हणून तिला आणि तिच्या आईला बोल लावणाऱ्यांनी विंचवाकडे एकदा असंही बघावं. असो. या कामासाठी जियाकोनीला २००२ साली नोबेल मिळालं.

नुसत्या क्ष-किरणांसाठी केलेला पहिला उपग्रह १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळून, समुद्रातल्या एका तळावरून उडाला. त्या मोहिमेची प्रमुख होती मार्जोरी टाउनसेंड ही अभियंता. १२ डिसेंबर हा केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, म्हणून उपग्रहाला नाव दिलं 'उहुरू'. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. या एका उपग्रहाने आभाळातल्या तीनशेहून जास्त क्ष-किरण ठिकाणांची यादी केली.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईला कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, टीआयएफआर म्हणतात तिला. होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली. आपल्याजवळ तेव्हा रॉकेट नव्हतं, उपग्रह नव्हता. मग हवेच्या वर जायचं कसं? त्यांनी फुगे वापरले. जत्रेतले नव्हेत. पातळ प्लॅस्टिकचे, वर गेल्यावर एखाद्या मोठ्या वाड्याएवढे फुगणारे, तीस-पस्तीस किलोमीटर उंच जाणारे. तिथे पोचलं की बहुतेक सगळी हवा खाली राहते. हैदराबादला या संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र आहे. काम झालं की यंत्रं पॅराशूटने खाली येतात आणि वारा नेईल तिथे उतरतात, कधी तेलंगणात, कधी कर्नाटकात, कधी आपल्या महाराष्ट्रातही. म्हणून केंद्राचे लोक आधी पेपरात निवेदन देतात की शेतात असं काही पडलेलं दिसलं तर घाबरू नका, उघडू नका, पोलिसांना किंवा यंत्रावर लिहिलेल्या पत्त्यावर कळवा. कळवणाऱ्याला बक्षीसही मिळतं. आपल्या देशातल्या अवकाश दुर्बिणींची सुरुवात ही अशी शेतात पडलेल्या पेट्या उचलून आणण्यापासून झाली.

या फुग्यांखाली टांगून टीआयएफआरने एक मीटर आरशाची दुर्बीण वर पाठवली, अवरक्त किरण बघणारी. अवरक्त म्हणजे चूल विझल्यावरही हाताला लागते ती उष्णता. ताऱ्यांच्या जन्माच्या जागी धूळ असते आणि त्या धुळीतून ही ऊबच काय ती बाहेर येते. त्या कामात श्याम टंडन नावाचे शास्त्रज्ञ होते. फुग्याला लटकलेली, वाऱ्याने हिंदकळणारी दुर्बीण एका ठिपक्यावर स्थिर कशी धरायची, हे ते लोक तिथे शिकले. हे शिकलेलं वाया गेलं नाही, ते पुढे सांगते.

१९७५ च्या एप्रिलमध्ये आपला पहिला उपग्रह आर्यभट वर गेला. त्यातही क्ष-किरणांचा एक प्रयोग होता. चार-पाच दिवसांत वीजपुरवठा बिघडला आणि प्रयोग थांबले. मग थेट १९९६ मध्ये, दुसऱ्याच कामासाठी पाठवलेल्या एका उपग्रहावर टीआयएफआर आणि इस्रोने आपली क्ष-किरण यंत्रं बसवली. म्हणजे एसटीत आपली पिशवी दुसऱ्याच्या हाती पाठवावी तसं. पण पिशवी पोचली, कामही झालं. स्वतःची अख्खी दुर्बीण पाठवायची हिंमत त्यातून आली.

याच काळात तिकडे हबलचं काय झालं ते थोडक्यात सांगते. २४ एप्रिल १९९० ला हबल अवकाशयानातून वर गेली. आरसा २.४ मीटरचा, म्हणजे आपल्या बाजेहून रुंद. आणि पहिले फोटो आले ते अंधुक! आरसा घासताना त्याच्या कडा केसाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या जास्त सपाट झाल्या होत्या. आरसा तपासणारं उपकरणच जुळवताना एक भिंग जरासं चुकीच्या जागी बसलं होतं. मोजमापाचं मापच खोटं निघालं तर दुकानदाराने कितीही प्रामाणिकपणे मोजलं तरी माल कमीच भरणार, तसं झालं. आपली हाशिमा हसन तेव्हा हबलचं काम बघणाऱ्या संस्थेत होती. हबलच्या आरशांतून चित्र कसं दिसेल हे संगणकावर आधी उभं करून दाखवणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. दोष ओळखून तो कसा दुरुस्त करायचा, या कामात असल्या हिशेबांची मदत झाली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर वर गेले, पाच वेळा यानाबाहेर पडले आणि दुर्बिणीला जणू चश्मा बसवून आले. त्यांत कॅथरिन थॉर्नटन ही बाई होती. त्यानंतर हबलने जे दाखवलं त्याला तोड नाही.

हबलच्या कहाणीत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलं कुरुंदवाडही येतं. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म तिथला. लेखिका सुधा मूर्तींचे ते भाऊ, म्हणजे तुम्हाला अगदीच परके नाहीत. १९९५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेतून एका ताऱ्याशेजारी एक फिकट सोबती शोधला. तो ग्रहाहून मोठा, पण ताऱ्यासारखा पेट घेण्याइतका जड नव्हे. भट्टी नीट न पेटलेला तारा म्हणा. अशाला तपकिरी बटू म्हणतात आणि असा बटू आहे हे तेव्हा पहिल्यांदाच निर्विवाद दिसलं. त्याच नोव्हेंबरमध्ये हबलनेही त्याचा फोटो काढला.

आता मी ज्यासाठी एवढं सगळं सांगितलं त्या गोष्टीकडे येते. २८ सप्टेंबर २०१५, सकाळी दहा वाजता, श्रीहरिकोटाहून 'ॲस्ट्रोसॅट' सुटला. दीड टन वजनाचा, पृथ्वीपासून ६५० किलोमीटरवर फिरणारा. भारताची ही पहिली स्वतःची अवकाश वेधशाळा. तिचं वेगळेपण असं की एकाच वेळी ती दिसणारा उजेड, अतिनील आणि क्ष-किरण असं सगळं बघते. आजारी माणसाचं ताप, नाडी, एक्स-रे एकाच वेळी काढल्यासारखं. हबलकडे क्ष-किरणांचा डोळा नाही.

ॲस्ट्रोसॅटवरची तीन क्ष-किरण यंत्रं मुख्यतः टीआयएफआरच्या देखरेखीखाली घडली. पुण्याच्या आयुकाने दोन यंत्रांत मोठा वाटा उचलला. आयुका म्हणजे विद्यापीठांसाठीचं खगोलशास्त्र केंद्र. डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये त्याची उभारणी सुरू केली. मोठमोठ्या संस्थांबाहेरच्या, साध्या कॉलेजांतल्या शिक्षकांना आणि मुलांनाही हे शास्त्र करता यावं हा त्यामागचा हेतू. सही मागायला येणाऱ्या मुलांना ते सांगत की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. मे २०२५ मध्ये ते गेले.

क्ष-किरण पकडायचे कसे, हे मला फार आवडतं म्हणून सांगतेच. साधा आरसा त्यांना चालत नाही, ते समोरून आले की सरळ आरपार जातात. पण नदीवर पोरं चपटा दगड पाण्यालगत फेकून भाकऱ्या काढतात ना? दगड वरून टाकला तर बुडतो, आडवा घासून टाकला तर पाण्यावरून उड्या मारत जातो. क्ष-किरणही आरशाला अगदी चाटून गेले तरच वळतात. म्हणून ॲस्ट्रोसॅटच्या क्ष-किरण दुर्बिणीत ताटासारखा आरसा नाही. एकात एक घातलेल्या नळकांड्यांसारखे, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर सोन्याचा मुलामा दिलेले ३२० आरसे आहेत. ते टीआयएफआरमध्ये एकेक करून जुळवले गेले. आपल्याकडे सीड प्लॉटवर दिवसभर एकेका फुलाचं क्रॉसिंग करणाऱ्या बायकांना या कामाची चिकाटी मी वेगळी समजावून सांगायला नको.

अतिनील दुर्बीण बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेत तयार झाली. आयुका, इस्रो आणि कॅनडाची अवकाश संस्था तिच्या कामात होत्या. फुग्याच्या दुर्बिणीवर काम केलेले श्याम टंडन तोवर आयुकात आले होते आणि या दुर्बिणीत त्यांचा हात मोठा. तीस किलोमीटरवर हिंदकळत शिकलेलं साडेसहाशे किलोमीटरवर कामी आलं. याच संस्थेतल्या अन्नपूर्णी सुब्रमण्यम यांनी या दुर्बिणीची मापं तपासण्याचं काम केलं आणि पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. या दुर्बिणीचे आरसे इतके नाजूक की उपग्रहातल्या रंगाचा, गोंदाचा अंश वाफ होऊन त्यांच्यावर बसला तरी अतिनील उजेड गिळला जातो. म्हणून वर गेल्यावरही तिची झाकणं दोन महिने बंद ठेवली. सगळी वाफ अवकाशात उडून जाऊ दिली आणि नोव्हेंबरअखेर ती उघडली.

आता ऐका तिने काय केलं. हबलने आभाळाचा एक लहानसा तुकडा अनेक वेळा, खूप खोलवर टिपलेला होता. तिथे आता काही नवं सापडेल असं कुणाला वाटत नव्हतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये आयुकाचे कनक साहा यांनी ॲस्ट्रोसॅटची अतिनील दुर्बीण त्याच तुकड्यावर अठ्ठावीस तासांहून जास्त रोखली. हबलचा आरसा २.४ मीटर, आपल्या दुर्बिणीचा जेमतेम साडेसदतीस सेंटिमीटर, परातीएवढा. आणि त्या परातीत ९३० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या एका दीर्घिकेतून आलेले तीव्र अतिनील किरण पडले. हबलला ते दिसले नव्हते. कारण असं की आपल्या दुर्बिणीचा ग्राहक प्रकाशाचा एकेक कण मोजतो आणि त्याचा स्वतःचा गलबला फार कमी. बाजारात कुणी कुजबुजलं तर ऐकू येत नाही, रात्री ओसरीवर येतं. हबलचा कान मोठा, पण तिथे गलबला जास्त. साहा आणि सोबत्यांनी जवळजवळ दोन वर्षं तो उजेड खरंच त्या दीर्घिकेचाच आहे ना, हे उलटसुलट तपासलं. ऑगस्ट २०२० मध्ये 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं.

याचं एवढं काय? विश्वाच्या सुरुवातीनंतर एक काळ असा होता की सगळीकडे थंड हायड्रोजन वायू भरलेला होता आणि त्यातून असे किरण पार होऊ शकत नव्हते. मग कुणीतरी तो वायू फोडला आणि विश्व पारदर्शक झालं. तो फोडणारा उजेड पहिल्या लहान दीर्घिकांतल्या ताज्या ताऱ्यांचा होता, असा अंदाज आहे. पण दीर्घिकेच्या आतला असा उजेड तिच्याच वायूतून सुटून बाहेर येऊ शकतो का, हे बघायला उदाहरणं फार थोडी होती. ॲस्ट्रोसॅटने त्यांत एक भर घातली, आणि तीही आधी कधी न दिसलेल्या काळातली. अंधारात पहिला दिवा कुणी लावला, या शोधातलं ते एक पाऊल आहे.

ॲस्ट्रोसॅट पाच वर्षांसाठी पाठवला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला दहा वर्षं झाली. मधे काही भाग मिटले. अतिनील दुर्बिणीची एक बाजू २०१८ मध्ये बंद पडली, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे एकेक दात पडावेत तसं. त्याच्या क्ष-किरण यंत्रांपैकी एकाची खुबी अशी की फार जोरदार किरण त्याच्या भिंतींतूनही आत येतात, त्यामुळे मागे-बाजूला कुठेही स्फोट झाला तरी ते ओळखतं. काम सुरू केलं त्याच दिवशी त्याने असा एक गॅमा किरणांचा स्फोट पकडला आणि नंतर असे शेकडो. हे काम पुढे नेणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आहेत. त्यांनी आणि सोबत्यांनी 'दक्ष' नावाच्या दोन उपग्रहांची योजना सुचवली आहे, म्हणजे आभाळाची कुठलीच बाजू पाठीमागे राहणार नाही.

आयुकाने आणखी एक दुर्बीण केली आहे, सूर्याचे अतिनील फोटो काढणारी. ती आदित्य-एल१ यानावर बसून सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली आणि ६ जानेवारी २०२४ ला पंधरा लाख किलोमीटरवरच्या ठिकाणी पोचली. तमिळनाडूतल्या निगार शाजी या मोहिमेच्या प्रकल्प संचालक होत्या. तेवढ्याच अंतरावर, सूर्याच्या उलट्या बाजूला, साडेसहा मीटर आरशाची जेम्स वेब दुर्बीण आहे, डिसेंबर २०२१ मध्ये पाठवलेली. तिच्या कामात नासाच्या मुख्यालयात हाशिमा हसन होती. आजीने अंगणात उभी केलेली तीच मुलगी.

आता दुसरा प्रश्न, खर्चाचा. ॲस्ट्रोसॅटला सुमारे १७८ कोटी रुपये लागले असं सांगितलं गेलं. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण तो देशातल्या माणसांवर वाटला तर माणशी दीड रुपयासुद्धा होत नाही, आणि तोही बऱ्याच वर्षांत मिळून. आपल्या टँकरचा प्रश्न त्या दीड रुपयाने सुटला असता का? मला नाही वाटत. पाण्याचं कुठे अडलंय हे पूर्णा आणि केळनेच्या काठच्या बायकांना पक्कं ठाऊक आहे, आणि ते दुर्बिणीमुळे अडलेलं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. दीड रुपया आपणही दिलाय, तर त्यातलं आपल्या हाती काय येतं? ॲस्ट्रोसॅटने टिपलेली माहिती ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुली होते. इंटरनेट असलेला संगणक, भौतिकशास्त्राची पदवी आणि नीट शिकवणारं कुणी, एवढं असेल तर टेंभुर्णीची किंवा माहोऱ्याची मुलगी पुण्याला न जाताही त्यावर काम करू शकते. संगणक आहेत, इंटरनेट आलंय. अडतं ते अकरावीला सायन्स घेण्याच्या वेळी, घरात. तेव्हा कुणाच्या पोरीने गणित मागितलं तर त्या लॅटिनवाल्या बाईंसारखं नाक मुरडू नका, एवढं मी आईंना सांगेन, आणि आजींनाही.

शेवटी एका शाळकरी मुलीचा प्रश्न. ॲस्ट्रोसॅट जाफराबादहून दिसतो का? तो विषुववृत्ताच्या जवळजवळ वरूनच फिरतो, वर-खाली फक्त सहा अंश. आपण वीस अंशांवर. त्यामुळे तो आपल्या डोक्यावरून कधीच जात नाही. दक्षिण अटलांटिक समुद्रावर विद्युतभारित कणांचा एक पट्टा खाली झुकलेला आहे, तिथे यंत्रं बावचळतात. तो टाळायला ही वाट निवडली.

त्याने बघितलेली एक जागा मात्र आपल्या डोक्यावरून जाते. तिकांडं तुम्हाला माहीत आहे, मृगातले ते ओळीने तीन तारे. रोहिणीचा तांबूस ताराही ओळखता. मृगाच्या डोक्याकडून सरळ उत्तरेला गेलं की वृषभाच्या शिंगाचं टोक लागतं. तिथे इ.स. १०५४ मध्ये एक तारा फुटला होता, चीनमधल्या लोकांनी तो दिवसाउजेडी पाहिल्याची नोंद आहे. आज तिथे खेकड्यासारखा ढग आहे आणि त्याच्या मध्ये सेकंदाला तीस गिरक्या घेणारा मेलेल्या ताऱ्याचा गोळा. ॲस्ट्रोसॅटने तो वारंवार न्याहाळला आणि त्याच्या क्ष-किरणांची कंपनं कोणत्या दिशेने होतात, गिरकीगणिक ती कशी बदलतात, हे संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं. जूनमध्ये मृग लागतो, आपण पेरणीला लागतो, तेव्हा सूर्य नेमका त्याच्या शेजारी असतो, त्यामुळे त्या दिवसांत तिकडे कुणालाच धड बघता येत नाही. संक्रांतीनंतरच्या आठवड्यांत रात्री नऊच्या सुमाराला गच्चीवर किंवा खळ्यात जा आणि मान पूर्ण वर करा. नुसत्या डोळ्यांना तो ढग दिसणार नाही, त्याला लहानशी दुर्बीण लागते. पण जागा तीच.